हिचा तू कोण?

रात्री पावणेदोन. वाडियातून निघालो,
मेहुण्याची स्कूटर, पुढ्यात चादरीत गुंडाळलेली पोर,
ताप एकशेतीनवरून शंभरावर आलेला,
खिशात सिरपची बाटली, केसपेपर चार घड्या घालून.
भक्ती पार्कच्या वळणावर बॅरिकेड.
टॉर्च आधी माझ्या तोंडावर,
मग तिच्या.
मग परत माझ्या.
तेवढ्यातच कळलं, काय विचारणार ते.
मी काळा. ती आईवर गेलीय, गोरी, घारी.

"हिचा तू कोण?"
"बाप."
"नाव?"
"संपत."
"पुढे?"
"खरटमल."
"आणि हिचं?"
"शाल्मली."
साहेब हसले. "खरटमलांच्यात शाल्मली?"
नावाचाही पंचनामा होतो, हे मला नवीन नव्हतं.

"आई कुठाय?"
सीप्झला. दागिन्यांना पॉलिश मारते, रात्रपाळी.
फोन आत नेऊ देत नाहीत.
"लाव," म्हणाले. लावला. वाजत राहिला
कुठल्यातरी पत्र्याच्या कपाटात.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या समाजमंदिरात
डिमेलो वकीलबाई आल्या होत्या.
पोलिसांनी अडवलं तर काय म्हणायचं,
पाढ्यासारखं घोकून घेतलं त्यांनी:
छातीवरची पाटी वाचा. कारण विचारा.
अटक केलीच तर घरच्यांना कळवायला सांगा,
वकील मागा, चोवीस तासांत कोर्ट.
स्वतःच्या विरुद्ध बोलायची सक्ती नाही कुणावर.
पाढा बाकावर बसून येतो.
फळ्यासमोर उभं केलं की
सात सत्ते एकोणपन्नाससुद्धा पळून जातं.
पाटी वाचायला गेलो,
पाटीवर चमकणारं जाकीट.

"चल ठाण्यात. पोरीलाही घे, तिला विचारू."
आणि कुठून कोण जाणे, एक ओळ वर आली:
"साहेब, पंधराच्या आतल्या लेकराला
चौकशीला ठाण्यात बोलावता येत नाही.
विचारायचं तर घरी या. चहा ठेवतो."
चहाचं कायद्यात नाही. ते भीतीनं जोडलं.
"कलम कुठलं?"
जुनं एकशेसाठ. नवं बाई सांगत होत्या
तेव्हा मी कप वाटत होतो.
"वकील आहेस?"
"लिफ्टमन."

मग त्यांनी तिला तिथंच उठवलं. वाकून, मऊ आवाजात,
मऊच होता, खोटं कशाला बोलू.
"बाळा, हे कोण तुझे?"
ती बघत राहिली
टॉर्चकडे, टोपीकडे. माझ्याकडे नाही.
कडू औषधापुढे मिटते तसे ओठ मिटून.
अनोळखी माणसाशी बोलायचं नाही:
हे मीच शिकवलंय. रोज, बालवाडीच्या फाटकाशी.

गप्प राहायचा हक्क
आमच्या घरात तिनंच पहिल्यांदा बजावला,
आणि तो माझ्या विरुद्ध पुरावा झाला.

व्हॅनमधून एक बाई उतरल्या, जांभई देत.
यांची पाटी दिसत होती: र. तु. ढवळे.
त्यांनी केसपेपर उलगडला, टॉर्चखाली धरला.
डॉक्टरच्या किरट्या अक्षरात, सोबत: वडील.
"पुढचा डोस कधी?"
"साडेपाचला. पाच एमएल. सिरिंजनं.
चमच्यानं दिलं तर थुंकते."
त्या हसल्या नाहीत.
"माझा पण थुंकतो. सोडा सर, जाऊ दे."
कुणी माफी मागितली नाही. मी मात्र थँक्यू म्हणालो,
दोनदा.
त्याची लाज मला जिन्यापाशी वाटली.

जिना चढताना खांद्यावरून आवाज आला,
"पप्पा, मी नाही बोलले."
"हं."
"बरोबर ना?"
तिसरा मजला येईतो उत्तर सापडेना.
किल्लीच्या निमित्तानं थांबलो, खिसे चाचपले,
किल्ली हातातच होती.
"बरोबर," म्हणालो.

मग ती झोपली. मी साडेपाचचा गजर लावला,
ट्रंकेतून तिचा जन्मदाखला काढला,
चार घड्या घातल्या,
आणि पाकिटात ठेवला, तिच्या फोटोच्या मागे,
जिथं आतापर्यंत मी
काहीच ठेवत नव्हतो.